कापडावरील छाप : जुना ठसा आणि नवी जाळी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. समाजाचा इतिहास, कुलाचार आणि शिक्षण या विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही आज बोलणार आहोत ते टी-शर्टाविषयी. हा शब्द उच्चारताच पुढील रांगेतील काही वडीलधाऱ्यांच्या मुखावर उमटलेले स्मित आम्हांस येथून दिसते आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या वस्त्राला ना काठ, ना पदर, ना कॉलर, त्यावर समाजाच्या मेळाव्यात व्याख्यान ते काय व्हावयाचे, असे कोणासही वाटेल.

परंतु वस्तुस्थिती अशी आहे की, जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत आपल्या समाजाचे काही तरुण सांप्रत टी-शर्टावर अक्षरे व चित्रे छापून चरितार्थ चालवीत आहेत. कोणी गोलाणी मार्केटात एका गाळ्यात संगणक व गरम दाबाचे यंत्र घेऊन बसला आहे. कोणी घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड घालून लाकडी मेजावर जाळीची छपाई करतो आहे. आणि यांच्याविषयी आपल्या घराघरांतून बोलले जाते ते असे : ‘मुलगा शिकला, पण नोकरी लागली नाही, म्हणून बनियनवर चित्रे छापीत बसला.’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, त्याचे उत्तर एकदा चारचौघांत द्यावे असे आमच्या मनाने घेतले. ज्यांचे आडनाव रंगारी, ज्यांच्या जातीची ओळखच कापडावर रंगाची छाप उठविणारे अशी, त्यांनी या मुलांस परक्या धंद्यात शिरलेले समजावे, हे आम्हांस विपरीत वाटते.

आपल्या धंद्याची खान्देशातील खूण पुसट झाली असली तरी ती लेखी शिल्लक आहे. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर उघडून पाहावे. फैजपूर हे गाव सुती छापील कापडासाठी आणि नीळ व लाख यांच्या रंगांसाठी प्रसिद्ध असल्याचे त्यात नमूद असून, तेथे रंगाऱ्यांची सुमारे २५० कुटुंबे असल्याचीही नोंद आहे. शेजारचे यावल हाती बनविलेल्या जाड्याभरड्या कागदासाठी आणि निळीसाठी पूर्वी नावाजलेले होते. आज फैजपूर म्हटले की, १९३६ सालच्या डिसेंबरात तेथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन लोकांस आठवते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष, आणि मंडपाची सजावट शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांची, तीही खेड्यात मिळणाऱ्या साधनांतून केलेली. ते स्मरण राहणे योग्यच आहे. परंतु त्या गावाच्या गल्ल्यांतून एके काळी रंगाचे पाणी वाहत होते, ही आठवण आपल्याखेरीज दुसऱ्या कोणी जपावयाची?

त्याहून मागे जावयाचे तर जळगावापासून सुमारे ६० किलोमीटरांवर अजिंठा आहे. तेथील भिंतींवरील स्त्रीपुरुषांच्या अंगावर पट्ट्यांची व नक्षीची वस्त्रे स्पष्ट दिसतात. ती आपल्याच पूर्वजांनी रंगविली असे सांगून टाळ्या मिळविण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण त्यास आधार नाही. एवढेच म्हणू की, या मुलुखात नक्षीदार कापडाची आवड कालपरवाची नव्हे.

आता जुने काम कसे चाले ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढील सारे बोलणे त्यावर उभे आहे. आजच्या मुलांस वाटते की, जुना छपाई करणारा ठसा रंगात बुडवीत असे आणि कापडावर मारीत असे. तसे नव्हते. कोरे कापड प्रथम धुऊन त्यातील खळ काढावयाची. मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवावयाचे. कापड फिकट पिवळे होई. नंतर जेथे लाल रंग हवा तेथे तुरटीच्या घट्ट खळीचा ठसा, आणि जेथे काळा हवा तेथे लोखंडाचे गंजके तुकडे व गूळ आठवडेच्या आठवडे आंबवून केलेल्या पाण्याचा ठसा. या वेळी तुरटीचा ठसा डोळ्यांस जेमतेम दिसे. मग कापड वाहत्या पाण्यात धुऊन आलीच्या किंवा मंजिष्ठेच्या मुळांबरोबर तांब्याच्या मोठ्या भांड्यात उकळावयाचे. त्या उकळीत लाल रंग सर्व कापडास लागे, पण टिके तो केवळ तुरटी जेथे आहे तेथेच. बाकीचा धुऊन व उन्हात पसरून निघून जाई. म्हणजे आपला पूर्वज कापडावर रंग छापीतच नव्हता. तो रंगास बसावयाची जागा छापीत होता, आणि रंग मागाहून येऊन त्या जागी बसत होता. सूत जुने होऊन विरले तरी रंग सुताबरोबरच जाई, त्याआधी नाही.

दुसरी गोष्ट ठशांची. ठसा सागवानाचा किंवा शिसवीचा. एका नक्षीला एक ठसा कधीच पुरत नसे. कडेच्या रेषेचा ठसा निराळा, आत भरावयाच्या रंगाचा निराळा, जमिनीचा आणखी निराळा. जितके रंग तितके ठसे. आणि एकावर दुसरा नेमका बसावा म्हणून ठशाच्या कोपऱ्यात बारीक ठिपके ठेवलेले. हात एक सूत सरकला की, फुलाचा रंग पाकळीबाहेर.

हे सारे का गेले, ते थोडक्यात सांगतो. १८६८ साली जर्मनीत दोन रसायनज्ञांनी मंजिष्ठेचा लाल रंग डांबरातून काढून दाखविला. १८९७ साली तेथील कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली. मुळे आणि निळीची रोपे शेतातच राहिली. इकडे विलायतेचे रुळांवर छापलेले कापड आधीच येत होते, पुढे आपल्याकडील गिरण्यांचे येऊ लागले. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांचे भोंगे ज्यांनी ऐकले, अशी मंडळी या सभेत आहेत. त्या गिरण्यांनी आपल्या कित्येक घरांस पोटास लावले, हेही खरे. आणि पुढे त्यांचेही दिवस फिरले. या उलथापालथीत आपला समाज शिवणकामाकडे, कापडाच्या दुकानांकडे, शाळामास्तरकीकडे आणि सरकारी नोकरीकडे वळला. त्यात कोणाचा दोष नाही. मात्र हातातील विद्या एका पिढीत अंगणातून माळ्यावर गेली.

आता टी-शर्टाकडे वळू. हे वस्त्र मुळात अमेरिकेच्या आरमारातील खलाशांची आतून घालावयाची बंडी. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या शिपायांनी ती वरून घालावयास सुरुवात केली, आणि छातीवरील मोकळी जागा पाहून माणसांस तेथे काहीतरी लिहावेसे वाटू लागले. १९४८ च्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूई या उमेदवाराच्या नावाचे टी-शर्ट निघाले होते. (ड्यूई पडले. टी-शर्टाने मते मिळतात असे समजणाऱ्या आपल्याकडील उमेदवारांनी हे ध्यानी ठेवावे.) पुढे १९७० नंतरच्या दशकात मिल्टन ग्लेझर या चित्रकाराने न्यूयॉर्कसाठी तीन अक्षरे व एक लाल बदाम एवढ्याच सामग्रीने एक चिन्ह केले. त्याबद्दल त्याने मोबदला घेतला नाही, आणि ते चिन्ह आज जगभर छातीवर मिरविले जाते. एका शहराविषयीचे प्रेम चार आकृतींत मावते, हे त्याने दाखविले. जळगावाचे किंवा धुळ्याचे असे चिन्ह अद्याप कोणी केलेले आमच्या पाहण्यात नाही. केळीचे पान, कापसाचे बोंड, सातपुड्याची रेघ, पांझरेचा काठ, सामग्री तर दारात पडली आहे.

छापण्याची रीत म्हणाल तर ती ठशाचीच धाकटी बहीण आहे. जपानात कागद कापून साचे करीत व त्यांचे सुटे भाग बारीक रेशमी धाग्यांनी सांधीत. त्या वाटेने पुढे १९०७ साली इंग्लंडात सॅम्युअल सायमन याने रेशमी जाळीतून छपाईचे पेटंट घेतले. आज जाळी पॉलिएस्टरची असते. ती चौकटीवर ताणून बसवितात, तिच्यावर उजेडाने घट्ट होणारे रसायन अंधाऱ्या खोलीत फासतात, वर काळ्या चित्राची पारदर्शक फिल्म ठेवून प्रखर उजेड देतात. उजेड लागला तेथील थर कडक होतो. काळ्याखाली झाकला तेथील पाण्याने धुऊन जातो. त्या मोकळ्या छिद्रांतून रबरी पट्टीने रंग खाली ओढला की, चित्र कापडावर उतरते. मोठ्या अक्षरांस विरळ जाळी, बारीक रेषांस दाट. आणि येथेही रंग तितक्या जाळ्या, व कोपऱ्यात जुळणीच्या खुणा! फैजपूरच्या एखाद्या पणज्यास आज कोणी गच्चीवरील त्या शेडमध्ये आणून उभे केले, तर पाच मिनिटांत तो पणतूच्या हाताखाली काम करू लागेल आणि दहाव्या मिनिटास त्याच्या चुका काढू लागेल.

तो पहिली चूक कोणती काढील, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. तो छापील जागेवरून अंगठा फिरवील आणि विचारील, ‘बाळ, रंग कापडात का नाही?’

सारा प्रश्न येथे आहे. आज बाजारात जे टी-शर्ट मिळतात त्यांवरील रंग बहुधा कापडात नसतो, कापडावर असतो. प्लास्टिसॉल नावाचा जो रंग वापरतात, तो नावाप्रमाणेच प्लास्टिकचा. सुमारे १६० अंशांवर तापविला म्हणजे त्याचा एकसंध थर होतो. झळाळी उत्तम, काळ्या कापडावरही पांढरा शुभ्र उठतो. पण जळगाव-भुसावळास मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा छातीभर वीतभर रुंदीचा तो पापुद्रा घालून कोणी शेतात किंवा फलाटावर तासभर काढून पाहावा. घाम आत कोंडतो. गृहिणीने उलट न करता इस्त्री फिरविली, तर थर वितळून इस्त्रीस चिकटतो, आणि शिव्या छापणाऱ्यास बसतात. दुसरी रीत सध्या फार पसरली आहे ती डीटीएफ : चित्र यंत्राने एका फिल्मवर छापावयाचे, मागे गोंदाची भुकटी टाकून वितळवावयाची, आणि गरम दाबाने कापडावर चिकटवावयाचे. पाच नग हवे असतील, चित्रात पन्नास छटा असतील, तर ही रीत सोयीची खरी. पाच नगांसाठी सहा जाळ्या कोण करणार? परंतु हे छापणे नव्हे, चिकटविणे आहे. आणि वाईट केले तर पाचव्या-सहाव्या धुण्यात कडेने सुटते. तिसरी रीत सब्लिमेशनची. तिच्यात रंग वाफ होऊन धाग्यात खरोखर शिरतो, पण तो पॉलिएस्टरच्या, सुताच्या नाही. सुरतेचे पॉलिएस्टर तापीच्या रेल्वेमार्गाने आपल्या दाराशी येते, म्हणून ही रीत येथे स्वस्त पडते. आणि कापूस पिकविणारा खान्देश उन्हाळ्यात प्लास्टिकचे सूत घालून हिंडतो.

सुतात रंग शिरविण्याच्या रीती आजही आहेत. १९५६ साली इंग्लंडातील एका कंपनीने सुताशी रासायनिक सांधा जोडणारे रंग बाजारात आणले. तुरटीने जे काम केले तेच ते निराळ्या वाटेने करतात. पाण्यावर आधारलेले पिगमेंट रंग धाग्यात पुरे शिरत नसले तरी त्यांचा थर इतका पातळ असतो की, हातास कळत नाही. त्यांस जाळी लवकर वाळते, हात चपळ लागतो, आणि सुमारे १५० अंशांवर नीट पक्के केले नाहीत तर पहिल्याच धुण्यात फिके पडतात. म्हणून मुले ते टाळतात. आमचे म्हणणे असे की, जे अवघड म्हणून इतर टाळतात तेच रंगाऱ्याच्या मुलाने करावे. सोप्या रीतीने छापणारा उद्या प्रत्येक चौकात बसेल, कारण यंत्र विकत मिळते. त्याच्याशी दराची चढाओढ करून आपली मुले मरतील. ‘याने छापलेले अंगास लागत नाही आणि विटत नाही’ अशी ख्याती मात्र यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

रंगांच्या सुरक्षिततेविषयीही बोलले पाहिजे. आरोग्यास घातक ठरलेल्या कित्येक अ‍ॅझो रंगांवर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. तेव्हा सुटा, बिनानावाचा, डब्यात भरून दिलेला रंग स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये. लहान मुलांच्या कपड्यांस तर कदापि नाही. जाळी धुण्याची रसायने व थिनर बंद खोलीत हुंगत काम करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. एक हवा बाहेर फेकणारा पंखा हा खर्च नव्हे. आणि ते पाणी शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणाऱ्या गटारात सोडू नये. नदीशी आपल्या धंद्याचे जुने नाते आहे. ते या रीतीने पुन्हा जोडावयाचे नाही.

आता नक्षीचा व अक्षरांचा प्रश्न. जळगाव-धुळ्याकडील मागणी वर्षाच्या चाकाबरोबर फिरते : फेब्रुवारीत शिवजयंती, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, श्रावणात कानबाई, ९ ऑगस्टला आदिवासी दिन, मग गणपती मंडळे, पुढे शाळांची स्नेहसंमेलने आणि हळदीच्या कार्यक्रमांत नवरदेवाच्या मित्रांचे एकरंगी थवे. काम भरपूर आहे. पण दहातील नऊ चित्रे कोठून तरी उचललेली. तोच वाघ, तेच पंख, तीच कवटी. कवटी छातीवर घेऊन आरतीस उभ्या राहिलेल्या तरुणास पाहून आम्हांस हसावे की रडावे ते कळेना.

उचललेल्या चित्रात कायद्याचाही धोका आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रावर ते काढणाऱ्याचा हक्क असतो, आणि त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे राहतो. चित्र मोबाईलवर फुकट दिसले म्हणजे ते फुकट झाले असे नाही. उलट बाजूही तरुणांनी समजून घ्यावी. आपण स्वतः केलेली नक्षी डिझाइन्स कायद्याखाली नोंदविण्याजोगी असूनही नोंदविली नाही, आणि ती लावलेले पन्नासांहून अधिक नग यंत्राने निघाले, तर त्या नक्षीवरील हक्क टिकत नाही अशी तरतूद आहे. तेव्हा खपाची नक्षी हाती आली तर आधी वकिलास गाठावे, मग छापखाना चालवावा.

अक्षरांविषयी आमचा जीव अधिक तुटतो. देवनागरी अक्षर कापडावर उतरविणे रोमनपेक्षा कठीण. जोडाक्षरांची पोटे लहान असतात. बारीक आकारात जाळीतून रंग थोडा पसरला की, ‘द्ध’ आणि ‘ष्ठ’ यांचे नुसते डाग होतात. म्हणून अशी अक्षरे मोठी घ्यावीत, आणि शक्य तर संगणकावरील ठरावीक वळण न घेता हाताने काढावीत. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे रेखाटून दाखविली आहेत : प्रत्येक नावास आपली चाल, आपला चेहरा. ते मूळ कागद नीट पाहिले तरी मुलांचे शिक्षण होईल. संगणकावर दुसराच घोटाळा होतो. एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर उघडले की, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरास जाते आणि रफार उडून जातो. शंभर टी-शर्ट निघाल्यावर ‘मूर्ती’ची ‘मूती’ झालेली दिसते. छापण्यापूर्वी मजकूर कागदावर काढून घरातील आजोबांकडून वाचून घ्यावा. चष्मा लावून बसलेला निवृत्त शिक्षक हा आपल्या समाजात दुर्मिळ प्राणी नाही.

बोलीचे शब्द छापण्याची हौस अलीकडे वाढते आहे, तिचे आम्ही स्वागत करतो. पण बोली म्हणजे अशुद्ध मराठी नव्हे. तिचे स्वतःचे नियम आहेत. अहिराणीत ‘आहे’चे ‘शे’ होते, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. छापणाऱ्याने ‘सुधारून’ तेथे ळ घातला की, धुळ्याचा माणूस ते वस्त्र हातात घेऊन खाली ठेवतो. तसेच बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ओळी अहिराणीच्या नावाखाली छापू नयेत. त्यांची बोली जळगावकडील लेवा बोली. जो आपल्याच मुलुखाची बोली ओळखत नाही, त्याने तिच्यावर धंदा कोणत्या तोंडाने करावा?

आता एक नाजूक गोष्ट. याच स्मरणिकेच्या शेवटी दरवर्षी वधू-वरांची सूची असते. ज्या मुलाच्या नावापुढे ‘व्यवसाय : टी-शर्ट प्रिंटिंग’ असे लिहिलेले असते, त्याच्या घरी चौकशी करावयास कोणी जात नाही, ही गोष्ट सूची तयार करणारे कार्यकर्ते आम्हांस सांगतात. पुण्यास ठेकेदाराच्या नावाखाली अकरा महिन्यांच्या करारावर राबणारा मुलगा ‘नोकरदार’ म्हणून पसंत होतो, आणि धुळ्यास स्वतःच्या छपराखाली दोन माणसांस काम देणारा नापसंत होतो. वधूपित्यांनी काळजी करू नये असे आम्ही म्हणत नाही. काळजी करावीच, पण पाहावे ते नेमके. मुलाच्या वहीत उधारी किती आहे ते पाहावे. मंडळांची कामे आगाऊ रक्कम घेऊन करतो की विसर्जनानंतर वर्गणीदारांच्या मागे हिंडतो, ते विचारावे. गणपती गेल्यावर शाळा सुरू असेपर्यंतचे चार महिने कसे काढतो, ते विचारावे. यंत्र कर्जाचे की फेडलेले, ते पाहावे. या प्रश्नांची नीट उत्तरे देणारा मुलगा मिळाला, तर त्याच्या नावापुढे नोकरी नाही म्हणून पान उलटू नये.

आणि मुलींच्या हातचे कामही या धंद्यात मोठे आहे. नक्षी संगणकावर बसविणे, रंग वेगळे करणे, अक्षरे रेखाटणे ही कामे घरात बसून होतात, आणि आपल्या मुली रांगोळीच्या ठिपक्यांत ज्या सफाईने जुळणी करतात, ती गच्चीवरील शेडमध्ये फारशी आढळत नाही. तिचे नाव पाटीवर असावे, इतके मात्र आम्ही आग्रहाने सांगू. ‘घरचे मदत करतात’ या शब्दांत तिची मजुरी बुडू नये.

सरकारी साहाय्याविषयी विचारणा होते म्हणून सांगतो. २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय धरले आहेत. त्यांत शिंपी आहे, परीट आहे, माळा गुंफणारा आहे. रंगारी व छपाई करणारा नाही. शिवणकाम करणाऱ्या आपल्या बांधवांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. मात्र यादीत आपले मूळ नाव का नाही, हे विचारणारे निवेदन समाजाच्या वतीने गेले पाहिजे, आणि ते नुसते जातीच्या अभिमानाचे नको. छपाईचे काम आज किती घरे करतात, याची गावोगाव केलेली मोजणी त्यास जोडलेली हवी. अशी मोजणी करावयास चार तरुण व एक सुट्टी पुरेल.

शेवटी या मेळाव्यास आलेल्या प्रत्येक कुटुंबाकडे आमचे एक मागणे आहे. फैजपूर, यावल, सावदा, धुळे, अमळनेर, जेथे जेथे आपली जुनी घरे आहेत, तेथे माळ्यावर, कोठीत, देवघराच्या खणात लाकडी ठसे पडलेले असण्याचा संभव आहे. काही घरांत त्यांवर पाट टेकवितात. काहींनी ते जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास मोडीच्या भावात देऊन टाकले, आणि ते आता मोठ्या शहरांतील हॉटेलांच्या भिंतींवर शोभेस टांगले जातात. त्या ठशांवरील नक्षी ही आपली स्वतःची आहे. ती छापण्यास कोणाची परवानगी नको. टी-शर्टाच्या छातीवर ती एकेकटी, मोठी करून, एकाच गडद रंगात उतरविली तर कशी दिसते, हे आमच्या परिचयाच्या दोन मुलांनी करून पाहिले आहे. नमुने बाहेरील मेजावर ठेवले आहेत. जाताना अवश्य पाहावेत आणि अंगठा फिरवून पाहावा.

ठसे मंडळास देऊन टाका असे आम्ही म्हणत नाही. ते घरीच राहोत. फक्त त्यांची छाप उतरवून द्यावी. ठसा पाण्यात भिजवू नये, लाकूड फाटते. दात घासण्याच्या जुन्या मऊ ब्रशाने कोरडी धूळ काढावी. कीड असेल तर उन्हात न टाकता सावलीत ठेवावा. मेजावर घोंगडीची चौघडी, तिच्यावर जाड पांढरा कागद. स्पंजावर पातळ काळा रंग घेऊन ठशास हलकेच टिपावा, कागदावर सरळ ठेवावा आणि पाठीवर मुठीने एकदाच दाबावा. पहिली छाप धुळीची येते, ती टाकून दुसरी व तिसरी ठेवावी. शेजारी मोजपट्टी ठेवून ठशाच्या समोरचे व पाठीचे छायाचित्र घ्यावे, कारण पाठीवर पुष्कळदा जुन्या मालकाची खूण असते. कागदाच्या मागे गावाचे नाव, घराचे आडनाव, आणि त्या नक्षीस घरातील वृद्ध स्त्रिया काय म्हणत ते लिहावे. नक्षीची नावे बहुधा त्यांनाच ठाऊक असतात. कागद गुंडाळावा, घडी घालू नये, आणि पुढील मेळाव्यास येताना बरोबर आणावा. जळगावकरांनी येथील कार्यालयात व धुळेकरांनी आपल्या शाखेच्या चिटणीसाकडे दिला तरी चालेल.